पुरुष, वय अडतीस

शकुनताई मायदेवांना राग येतो, हे कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या यच्चयावत मराठी घरांना ठाऊक होतं. पाढा चुकला की यायचा, आरतीत कुणी मधलं कडवं गाळलं की यायचा, आणि वरणात साखर जास्त पडली की भलताच यायचा. पण हे सगळे राग दुधाच्या उतासारखे, वर आले तसे खाली बसणारे. १९५४ सालचा राग मात्र बसला नाही, आणि तो बसू नये असंच त्याचं कारण होतं.

शकुनताईंचे वडील रेल्वेच्या कचेरीत नोकरीला म्हणून कलकत्त्यात आले आणि इथलेच होऊन गेले. ताई जन्मल्या इथे, लग्न झालं इथल्याच मायदेवांच्या विनायकरावांशी, आणि तीस वर्षं मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या त्याही इथेच. विनायकराव जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात मुलगा श्यामकांत, सून नलिनी आणि त्या. श्यामकांत खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचा अधिकारी होता. पेटीवरच्या कागदात एक आणि पेटीत दुसरंच सापडलं की तो व्यापाऱ्याला उभा-आडवा घ्यायचा, आणि रात्री जेवताना ते कौतुकाने सांगायचा.

निवृत्तीनंतर ताईंनी एक उद्योग मनापासून चालवला. दर रविवारी सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलवर घरोघरची वीस-पंचवीस मुलं गोळा करायची आणि त्यांना गाणी शिकवायची. ही मुलं रस्त्यावर बंगाली बोलत, शाळेत इंग्रजी, आणि घरी जे बोलत त्याला मराठी म्हणायला आईबापांचंच काळीज हवं. ‘मी गेली’ म्हणणारा मुलगा आणि ‘मी आला’ म्हणणारी मुलगी घरोघरी होती. पण बोलताना चुकणारी मुलं गाताना चुकत नाहीत, असा ताईंचा अनुभव होता. म्हणून बाजाची पेटी पुढ्यात ओढायची, काळी चारची उंच पट्टी धरायची आणि गायचं. साठीला टेकलेल्या बाईचा आवाज इतका चढा आणि स्वच्छ कसा, याचं नव्याने बदली होऊन आलेल्या लोकांना नवल वाटे. गणपतीची आरती त्यांच्याशिवाय उठत नसे.

त्रेपन्न सालच्या दिवाळीत हनुवटीवर चार केस आले. ताईंनी ते चिमट्याने उपटले. पुढच्या महिन्यात चाराचे चाळीस झाले, संक्रांतीपर्यंत गालावरून कानापर्यंत राठ काळी दाढी आली. त्याच सुमारास भांगाच्या दोन्ही बाजूंनी डोकं विरळ होऊ लागलं. ताईंनी ट्रंकेतला विनायकरावांचा वस्तरा काढला, चामड्यावर परजला आणि रोज सकाळी दाराला कडी लावून त्या दाढी करू लागल्या. त्याची त्यांना लाज नव्हती. नवऱ्याला तीस वर्षं दाढी करताना पाहिलं होतं, हात बसायला दोन दिवस लागले.

त्यांना धास्ती होती ती निराळी. वरचा षड्ज लावताना घशात खरखर यायला लागली होती. काळी चारवरून त्या पांढरी पाचवर आल्या. एका पट्टीने उतरल्या, एवढंच. मुलांना कळलंही नाही, पण ताईंना कळलं.

“आई, बाहेर जाताना पदर जरा पुढे ओढून घेत जा,” नलिनी म्हणाली.

“पदर काय आवाज झाकतो?” ताईंनी विचारलं, आणि नलिनी स्वयंपाकघरात गेली.

घरचे बंगाली डॉक्टर म्हणाले, वय झालं की होतंच, माझ्या आईलाही आहेत. मंडळातल्या एका बाईने सुचवलं की कुणाचं तरी काही बाधलं असेल, लिंबू उतरवून पाहा. ताईंनी तिला सांगितलं, लिंबू आधी स्वतःच्या जिभेवरून उतरव. मग एकट्या ट्रामने निघाल्या आणि सरकारी इस्पितळाच्या आउटडोअरमध्ये बायकांच्या रांगेत तीन तास बसल्या.

तिथे डॉक्टर मीनाक्षी घोषाल होत्या. तिशीच्या, सडपातळ, आणि पन्नास बायका खोळंबल्या असतानाही समोरच्या बाईचं बोलणं न तोडणाऱ्या. त्यांनी केसांबद्दल फार विचारलं नाही. केव्हापासून, किती दिवसांत, हेच फिरून फिरून विचारलं. मग बंगाली रीतीने मावशी म्हणून हाक मारत म्हणाल्या, “माशिमा, दोन वर्षांपूर्वीचा फोटो आहे?” ताईंनी पुढच्या खेपेला मंडळाच्या गणेशोत्सवाचा फोटो नेला. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून फोटोतलं कपाळ पाहिलं, मग समोरचं पाहिलं, आणि तपासणीच्या पडद्यामागे नेऊन बाकीचंही पाहिलं.

“हनुवटीवर चार केस म्हातारपणी सगळ्यांनाच येतात,” त्या म्हणाल्या. “पण ते येतात वर्षानुवर्षं, हळूहळू. चार महिन्यांत दाढी, कपाळ मागे, आवाज खाली, हे वय नव्हे. शरीरात कुठेतरी बारीक गाठ आहे आणि ती पुरुषाचं हार्मोन तयार करते आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत असेल, नाहीतर बीजकोशात. आधी लघवीची तपासणी करू. पूर्ण चोवीस तासांची. रिपोर्ट घेऊन लगेच या, गाठ थांबत नसते.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ताईंना सरळ काहीतरी सांगितलं होतं. त्या घरी आल्या त्या जवळजवळ आनंदात.

ही तपासणी तेव्हा कलकत्त्यात मोजक्याच ठिकाणी होई. एस्प्लनेडजवळच्या एका खासगी लॅबोरेटरीने तपकिरी काचेची भली मोठी बाटली दिली. नलिनीने ती न्हाणीघरात कोपऱ्यात ठेवली, वर जुनं पातळ पांघरलं, आणि चोवीस तास घरात कुणी त्या बाटलीचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी ताई बाटली घेऊन निघाल्या तेव्हा श्यामकांत आडवा आला.

“तू कुठे ट्राममधून घेऊन जातेस ते? मी जातो ना ऑफिसला जाताना.”

ताईंना बरं वाटलं. मुलगा इतकं करतो आहे, असं वाटलं. हे त्यांना पुढे कितीदा आठवलं आणि किती बोचलं, ते त्यांनाच ठाऊक. आठवड्याने श्यामकांत घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, “रिपोर्ट नॉर्मल आहे, आई. काही नाही निघालं.”

“डॉक्टरीणबाईंना दाखवलास?”

“हो, हो. त्या म्हणाल्या काळजी करू नका.”

ताईंनी मनात म्हटलं, म्हणजे ही बाईसुद्धा शेवटी त्यांच्यातलीच. एवढा फोटो पाहिला, एवढी गाठ सांगितली, आणि एक कागद नॉर्मल आला तर काळजी करू नका! आणि तेही तोंडाने सांगायला बोलावलं नाही, मुलाकडे निरोप धाडला. त्यांनी मनातल्या मनात मीनाक्षी घोषालच्या नावावर काट मारली.

मार्च गेला, उन्हाळा गेला. दाढी आता दिवसातून दोनदा करावी लागे. पट्टी पांढरी पाचवरून काळी तीन, मग पांढरी तीन, अशी जिना उतरल्यासारखी उतरत होती. रविवारी मुलांना त्यांच्या खालच्या सुरात गाता येईना, आणि त्यांना मुलांच्या वरच्या सुरात. जून महिन्यात बारा मुलं उरली, ऑगस्टमध्ये पाच.

सप्टेंबरात गणपती आले. ताई नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्यांनी आरती सुरू केली. पहिल्याच ओळीला पुढच्या रांगेतल्या माणसांनी मागे वळून पाहिलं. कोण पुरुष एवढ्या मोठ्याने गातो आहे, हे त्यांना बघायचं होतं. वळलेल्या माना पटकन सरळही झाल्या. एक पोरगी फिसकन हसली, तिच्या आईने तिला चिमटा काढला. श्यामकांत जवळ येऊन हलकेच म्हणाला, “आई, यंदा बाकीच्यांना म्हणू दे.”

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरती मात्र त्यांनी पुरी केली, त्याच आवाजात, एकही कडवं न गाळता.

दुर्गापूजेची सुट्टी संपताच त्या इस्पितळात निघाल्या. औषधाला नव्हे, भांडायला. ट्राममध्ये लेडीज सीटवर बसून त्यांनी तिकीट मागितलं, तर पाठमोरा कंडक्टर न वळताच म्हणाला, “देतो, दादा.” मग वळला आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. ताईंनी तिकीट घेतलं. सगळा राग त्यांनी मीनाक्षी घोषालसाठी राखून ठेवला होता.

रांग मोडून त्या आत शिरल्या. “मी शकुन मायदेव,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नॉर्मल रिपोर्टाने माझं काय केलंय ते ऐका. ऐकू येतंय ना? हा माझा आवाज आहे.”

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. “कुठला रिपोर्ट? माशिमा, तुम्ही मार्चनंतर आलातच नाही. मला कुणी कागद दाखवला नाही. मी दोन पोस्टकार्डं पाठवली तुमच्या पत्त्यावर.”

 सात महिने ताईंनी या बाईला शिव्या घातल्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर तर त्यांच्याच ताटाला ताट लावून जेवत होता.

घरी आल्या तेव्हा नलिनी दळण निवडत होती. ताईंनी फक्त विचारलं, “पोस्टकार्डं कुठे आहेत?”

नलिनीचा हात सुपात थांबला. “मी ह्यांच्याकडे दिली होती,” ती म्हणाली. “तुम्हाला उगाच काळजी नको, म्हणाले.”

श्यामकांतच्या कपाटात कस्टम्सची काळी फाइल होती. तिच्यात तळाशी दोन पोस्टकार्डं आणि एक टाइप केलेला कागद निघाला. इंग्रजी वाचायला विनायकरावांनीच शिकवलं होतं. ताईंनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचलं. नाव, श्यामकांत विनायक मायदेव. पुरुष. वय अडतीस. हार्मोन, चोवीस तासांत एकोणीस मिलिग्रॅम. आणि खाली, हे प्रमाण प्रौढ पुरुषाच्या नॉर्मल मर्यादेत आहे.

त्यांनी कागद पुन्हा वाचला. मग खुर्ची ओढून दारासमोर बसल्या आणि मुलगा येईपर्यंत उठल्या नाहीत.

श्यामकांतने कागद पाहिला आणि बूट न काढताच बसला. जे झालं ते एवढंच होतं. लॅबोरेटरीत काउंटरवर गुरुदत्त नाडकर्णी होता, तिथला केमिस्ट. मंडळाचा चिटणीस, आणि त्याची आई म्हणजे तोंडात तीळ न भिजणारी बाई. गुरुदत्तने बाटली पाहून विचारलं, “काय श्यामकांतराव, तुमचीच का?” आणि श्यामकांत “हो” म्हणाला. गुरुदत्तने नाव घातलं, पुरुष घातलं, वय विचारून घातलं.

“मला वाटलं, नाव कुणाचंही असलं तरी आकडा तर तुझाच येणार,” श्यामकांत म्हणाला. “आणि तो नॉर्मल आला. मग म्हटलं, संपलं. त्या कागदावर माझं नाव, डॉक्टरला कसा दाखवू? आई, तुझ्याचसाठी केलं. गुरुदत्तच्या आईला कळलं असतं तर मंडळात तोंड दाखवायला जागा उरली नसती. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ माझी होती,” ताई म्हणाल्या. त्या जाड, खोल आवाजाने खोलीतली काच हलल्यासारखी वाटली. “गोदीत पेटीवर एक नाव आणि आत दुसरा माल सापडला तर तू काय करतोस?”

श्यामकांत वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

“बोल ना. रोज जेवताना सांगतोस.”

“जप्त करतो,” तो म्हणाला.

त्या रात्री ताई जेवल्या नाहीत, आणि घरात दुसऱ्या कुणाला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी कागद पाहून मीनाक्षी घोषालांनी कपाळाला हात लावला. हा आकडा अडतीस वर्षांच्या पुरुषाला अगदी योग्य होता. साठीच्या बाईत तो पाच-सहाच्या वर असता कामा नये, हे कागदावर नाव बरोबर असतं तर गुरुदत्तलाही मार्चमध्येच कळलं असतं. “पण या कागदावर मी ऑपरेशन कुणाचं करू, माशिमा? तुमच्या मुलाचं?” त्या म्हणाल्या. “पुन्हा तपासणी करावी लागेल. तुमच्या नावाने.”

पुन्हा तपकिरी बाटली आली. या वेळी ताईंनी ती न्हाणीघरात लपवली नाही, ओसरीवर तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवली.  सोवळंओवळं पाळणाऱ्या शेजारच्या काकूंनी वरून डोकावून विचारलं हे काय, तर ताईंनी सांगितलं काय ते, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. चोवीस तासांनी बाटली पदरात घेऊन त्या निघाल्या आणि श्यामकांतला म्हणाल्या, “चल.”

“आई, पिशवीत तरी घाल.”

“नाही.”

ट्राममध्ये बाटली मांडीवर होती. समोरच्या बाकावरच्या बाबूंनी वर्तमानपत्र वर केलं. श्यामकांत खांबाला धरून उभा होता, खिडकीबाहेर बघत. एस्प्लनेडला उतरून ताई पुढे आणि तो मागे असे दोघं लॅबोरेटरीत शिरले. काउंटरवर गुरुदत्तच होता. मायलेकांना पाहून तो आधी हसला, मग हसणं कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

ताईंनी बाटली काउंटरवर ठेवली. पाच-सात गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. “लिही,” त्या म्हणाल्या. “शकुन विनायक मायदेव. स्त्री. वय एकोणसाठ. आणि मार्च महिन्यातली ती पुरुषाची बाटली होती ना, तीही माझीच. तुमच्या वहीत दुरुस्ती कर. आईला सांगायचं असलं तर खुशाल सांग, पण आकड्यासकट सांग.”

“काकू, मला माहीत असतं तर...” गुरुदत्त म्हणाला, आणि त्याने श्यामकांतकडे पाहिलं. मग त्याने कागद पुढे ओढला आणि लिहिलं. ताईंनी कागद आपल्याकडे फिरवून वाचला आणि परत दिला. बिचाऱ्याचा त्यात तसा दोष नव्हता. गुरुदत्तने त्याच्या आईला एका शब्दाने सांगितलं नाही, हे पुढे कळलं. म्हणजे ज्या तोंडाला भिऊन सात महिने घालवले, ते तोंड उघडलंच नसतं.

आकडा आता सव्वीस आला होता. भूल देऊन तपासलं तेव्हा डाव्या बाजूला डॉक्टरीणबाईंच्या बोटांना गाठ लागली. डिसेंबरात ऑपरेशन झालं. बीजकोशातून लिंबाएवढी पिवळट गाठ निघाली, सबंध, आजूबाजूला न पसरलेली. नशीब, असं सगळे म्हणाले. ताईंना नशिबाबद्दल बोललेलं आवडत नसे, पण टाके ओले होते म्हणून गप्प बसल्या.

दहाव्या दिवशी मीनाक्षी घोषाल खाटेवर येऊन बसल्या. केस आता नवे येणार नाहीत, आहेत ते हळूहळू विरळ होतील, डोक्यावरचे थोडे परततील, असं त्यांनी सांगितलं.

“आणि आवाज?” ताईंनी विचारलं.

“घसा एकदा पुरुषासारखा झाला की मागे फिरत नाही, माशिमा.”

“मार्चमध्ये काढली असती तर?”

 डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता आलं असतं, पण या बाईशी आधीच पुरेसं खोटं बोलून झालं होतं. “तेव्हा फक्त खरखर होती,” त्या म्हणाल्या. “आवाज एखादी पट्टी खाली आला होता. बहुतेक तेवढाच राहिला असता.”

पांढरी पाच. ताईंनी डोळे मिटले. पांढरी पाचवर त्या मरेपर्यंत गायल्या असत्या. वीस पोरं समोर बसली असती.

संध्याकाळी श्यामकांत मोसंबी घेऊन आला. सोलून एक फोड पुढे केली आणि म्हणाला, “आई, मी चुकलो.”

“चूक पाढ्यात होते,” ताई म्हणाल्या. “तू जाणूनबुजून माझ्या जागी स्वतःला लिहवलंस. त्याला चूक म्हणत नाहीत.”

त्याने फोड ताटलीत ठेवली. ती तशीच राहिली.

ताई त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. वस्तरा धुऊन, पुसून परत ट्रंकेत गेला. रविवारचा वर्ग पुन्हा उघडला नाही, पेटी त्यांनी मंडळाला देऊन टाकली. मुलाने माफी पुन्हा दोनदा मागितली आणि दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला. लोक म्हणत, आईने एवढं ताणू नये, पोटचा पोर आहे. आई म्हणे, पोटचं सगळंच ठेवायचं नसतं, डॉक्टरांना विचारा.

पण एक गोष्ट त्यांनी सुरू केली ती शेवटपर्यंत चालू ठेवली. श्यामकांत संध्याकाळी गोदीतून घरी आला, चहा घेऊन बसला, वर्तमानपत्र उघडलं, की माजघरातून त्या खोल, जाड, पुरुषी आवाजात हाक यायची, “श्याम!” आणि तो प्रत्येक वेळी, अकरा वर्षं, दचकायचा. कपबशी हिंदकळायची. तो उठून आत जायचा आणि विचारायचा, काय गं आई.

“काही नाही,” ताई म्हणायच्या. दिवसातून गरजेपेक्षा जास्त वेळा त्या अशा हाका मारायच्या.